पाळी चुकलीय आणि एक्स-रे किंवा सिटी स्कॅन सांगितलाय: आधी काय, नंतर काय

चूक दोन्ही टोकांना होते. काही बायका पाळी लांबलेली असताना पोटाचा सिटी स्कॅन करून येतात. कुणी विचारलं नाही म्हणून सांगत नाहीत. काही जणी, दिवस राहिल्याचं कळल्यावर, महिन्यापूर्वी काढलेल्या छातीच्या एका एक्स-रेपायी मेडिकलमधून गोळ्या आणून गर्भ पाडतात. पहिली चूक बहुतेक वेळा निभावून जाते. दुसरी भरून येत नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असते: पाळीची तारीख, शरीराचा भाग आणि किरणांची मात्रा ही तीन माहिती कुणी कागदावर मांडलेली नसते, आणि तरी निर्णय झालेला असतो.

पुढचा क्रम त्यासाठी आहे. पायऱ्या मागेपुढे करू नका. पहिली सुटली की पुढचा सगळा हिशोब चुकतो.

सुरुवातीलाच एक इशारा. अपघात, बेशुद्धी, अचानक दम लागणं, पोटात रक्तस्राव, असा जिवावरचा प्रसंग असेल तर यातली एकही पायरी पाहत बसू नका. सोलापूरजवळ पुणे-हैदराबाद रस्त्यावर गाडीवरून पडलेली बाई सिव्हिल हॉस्पिटलला आणली, तर तिचा सिटी स्कॅन गरोदरपणासाठी थांबवायचा नसतो. आईचा जीव गेला तर गर्भही जातो. "पाळी चुकली आहे" एवढं वाक्य सोबतच्या माणसाने डॉक्टरांना सांगावं आणि बाजूला व्हावं.

## १. शेवटच्या पाळीची तारीख पक्की करा

लागते ती शेवटची पाळी सुरू झाल्याची तारीख. संपल्याची नाही, चुकल्याचीही नाही. केसपेपरवर सर्वात जास्त घोळ याच रकान्यात होतो.

तारीख आठवत नसेल तर सणावरून मागे जा. आपल्याकडे बायकांना आकड्यापेक्षा प्रसंग पक्का आठवतो: सोलापूरची गड्ड्याची जत्रा सुरू व्हायच्या आधी, आषाढीच्या दुसऱ्या दिवशी, चुलत नणंदेच्या हळदीला बाहेर बसले होते. भिंतीवरचं कॅलेंडर समोर घ्या, प्रसंगावर बोट ठेवा आणि तिथून मोजा. दोन-तीन दिवसांचा फरक राहिला तरी चालतो, पंधरा दिवसांचा चालत नाही.

आता हिशोब. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, पण २८ दिवसांच्या पाळीत गर्भ प्रत्यक्षात साधारण चौदाव्या दिवशी राहतो. किरणांच्या परिणामाची कोष्टकं बहुधा गर्भ राहिल्यापासूनचे आठवडे धरतात. दोन्हींत दोन आठवड्यांचं अंतर आहे. ते विसरलं की घरात नको ती घबराट होते. उदाहरण घ्या. पाळी १० जानेवारीला आली. गर्भ साधारण २४ जानेवारीला राहिला. पुढची पाळी ७ फेब्रुवारीला यायला हवी होती, आली नाही.

- कमरेचा एक्स-रे २० जानेवारीला झाला असेल, तर तेव्हा गर्भ नव्हताच. प्रश्न मिटला.
- १ फेब्रुवारीला झाला असेल, तर गर्भ आठवडाभराचा आहे. या पहिल्या दोन आठवड्यांत मोठी मात्रा पडली तर गर्भ टिकत नाही. टिकला तर तो सहसा पूर्ण निरोगी वाढतो. अर्धवट इजा हा या टप्प्याचा स्वभाव नाही.
- २५ फेब्रुवारीला झाला असेल, तर डॉक्टरांच्या हिशोबाने सहा आठवडे चार दिवस झाले आणि गर्भाचं खरं वय साडेचार आठवडे. अवयव घडण्याचा काळ हाच. इथे मात्रा पाहावीच लागते.

इथे फसगत होते ती अशी:

नेहमीपेक्षा कमी, एक-दोन दिवस नुसते डाग पडले, ते पाळी म्हणून धरले जातात. गर्भ रुजतानाही असे डाग दिसू शकतात. शेवटची पाळी नेहमीसारखी नव्हती, तर तिच्या आधीचीही तारीख लिहा.

बाळ अंगावर पितंय, पाळी अजून सुरूच झाली नाही, म्हणून दिवस राहणार नाहीत असं धरलं जातं. पाळी येण्याआधीच गर्भ राहू शकतो. पीसीओडीमुळे पाळी दोन-दोन महिने लांबत असेल तर तारखेवर विसंबूच नका, थेट पुढची पायरी करा. तांबी बसवली आहे, नसबंदी झाली आहे, तरीही पाळी लांबली असेल तर तपासणी करा. हे उपाय क्वचित फसतात, आणि फसले तर गर्भ नळीत राहण्याची शक्यता जास्त असते. ते किरणांपेक्षा कितीतरी मोठं संकट आहे.

## २. लघवीची तपासणी, योग्य दिवशी आणि योग्य रीतीने

पोट, कंबर, ओटीपोट किंवा नितंबाच्या हाडाची किरणांची तपासणी ठरली आहे आणि पाळी एक दिवसही लांबली आहे, तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट. किट मेडिकलमध्ये मिळतं. आशाताईंकडे सरकारी ‘निश्चय’ किट असतं.

सकाळची पहिली लघवी घ्या. रात्रभर साठलेली असल्याने तिच्यात गर्भ राहिल्याचं संप्रेरक दाट असतं. रिकाम्या पोटी दोन तांबे पाणी पिऊन मग तपासणी केली तर लघवी पातळ होते आणि रेष उमटत नाही. सोनोग्राफीसाठी लघवी रोखून पाणी प्यायला सांगितलेल्या बायकांची टेस्ट इथेच चुकते; किट आधी, पाणी नंतर. पाकिटावर लिहिले असतील तेवढेच थेंब टाका, पाच मिनिटांत वाचा. अर्ध्या तासाने फिकट रेष दिसली तर तिच्यावर निर्णय घेऊ नका, नव्या किटवर पुन्हा करा.

निकाल ‘नाही’ आला, पण पाळीही येत नाही: दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा. तपासणी थांबवण्यासारखी नसेल तर रक्तातली बीटा-एचसीजी (हेच संप्रेरक रक्तात शोधणारी तपासणी) करा. गर्भ राहिल्यावर साधारण दहा दिवसांनी रक्तात ती सापडू लागते, म्हणजे लघवीच्या थोडी आधी.

तपासून घ्या: पाळीची तारीख, टेस्टची तारीख आणि निकाल तिन्ही एका चिठ्ठीवर लिहिलं का? ती चिठ्ठी केसपेपरला पिनने लावा. तोंडी सांगितलेलं ओपीडीतून एक्स-रे विभागापर्यंत पोचत नाही.

## ३. किरण शरीराच्या कुठल्या भागावर पडणार ते पाहा

‘एक्स-रे काढला’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. किरण गर्भाशयावरून जातात की लांबून, यावर सगळं आहे. गर्भाला पोचणारी मात्रा मिलिग्रेमध्ये मोजतात. एका तपासणीत साधारण इतकी पोचते:

- दाताचा एक्स-रे, हात, मनगट, गुडघा, पाऊल: ०.०१ पेक्षा कमी
- छातीचा एक्स-रे, दोन फिल्म धरून: ०.०००५ ते ०.०१
- डोक्याचा किंवा मानेचा सिटी स्कॅन: ०.००१ ते ०.०१
- छातीचा सिटी स्कॅन: ०.०१ ते ०.६६
- पोटाचा एक्स-रे: ०.१ ते ३
- कमरेच्या मणक्याचा एक्स-रे: १ ते १०
- पोटाचा सिटी स्कॅन: १.३ ते ३५
- ओटीपोटाचा सिटी स्कॅन: १० ते ५०

हे आकडे कशाशी ताडायचे? जमीन, भिंती, आकाश आणि अन्न यांतून नऊ महिन्यांत प्रत्येक गर्भाला अर्धा ते एक मिलिग्रे मिळतोच. म्हणजे छातीचा एक एक्स-रे नऊ महिन्यांच्या त्या नैसर्गिक मात्रेच्या जवळपासही जात नाही.

दुसरं टोक हे: ५० मिलिग्रेच्या खाली जन्मजात व्यंग किंवा गर्भपात वाढल्याचं दिसलेलं नाही. अवयव घडण्याच्या काळात व्यंगासाठी साधारण २०० मिलिग्रे लागतात. गर्भाच्या आठव्या ते पंधराव्या आठवड्यात मेंदू सर्वात नाजूक असतो. तिथे बुद्धीवर गंभीर परिणामाची सीमा ६० ते ३१० च्या दरम्यान धरतात. वरच्या यादीतली कुठलीही एक तपासणी एकदा केली तर ५० च्या पुढे सहसा जात नाही. पोट आणि ओटीपोट यांचा सिटी एकत्र झाला, किंवा एकाच स्कॅनमध्ये तीन-तीन फेऱ्या झाल्या, तर मात्र जाऊ शकते. तो हिशोब सहाव्या पायरीत आहे.

कॅन्सरची शंका बरेच जण विचारतात. आंतरराष्ट्रीय किरण संरक्षण आयोगाच्या कोष्टकात, जादा किरण न मिळालेल्या १,००० मुलांपैकी ९९७ जणांना लहानपणी कॅन्सर होत नाही. गर्भात असताना १० मिलिग्रे मिळाले तर हा आकडा ९९६, आणि ५० मिलिग्रे मिळाले तर ९९४. धोका शून्य नाही, म्हणून विनाकारण किरण घ्यायचे नाहीत. पण तो केवढा आहे तेही यातच दिसतं.

इथली नेहमीची चूक: छातीचा एक्स-रे नाकारणं. यंत्रमागाच्या कापूसधुळीत किंवा विडीच्या तंबाखूत बसणाऱ्या बाईला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर टीबी शोधावाच लागतो. आधी थुंकी तपासा, तिला किरण लागत नाहीत. पण डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे मागितला तर काढा. निदान न झालेला टीबी आईला आणि बाळाला जे करतो त्याची तुलना त्या एका फिल्मशी होऊच शकत नाही. किडलेल्या दाताचंही तसंच. पू झालेला दात नऊ महिने तसाच ठेवू नका.

## ४. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना तीन प्रश्न

आता तपासणी पोट, ओटीपोट, कंबर यांची आहे आणि गर्भ आहे किंवा असण्याची शक्यता आहे, असं धरू. डॉक्टरांना विचारा:

"हीच माहिती सोनोग्राफीत किंवा एमआरआयत मिळेल का?" दोन्हींत एक्स-रेसारखे इजा करू शकणारे (आयनीकारक) किरण नाहीत. अपेंडिक्सचा संशय असेल तर क्रम असा: आधी सोनोग्राफी, स्पष्ट दिसलं नाही तर एमआरआय, तो वेळेत मिळत नसेल तर सिटी स्कॅन. शेवटच्या पर्यायाला घाबरून दोन दिवस काढू नका. अपेंडिक्स फुटलं तर बाळ गमावण्याचा धोका कितीतरी वाढतो.

मुतखड्याचंही हेच. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, पाणी कमी पडतं, आणि कुशीत कळ आली की बिनकॉन्ट्रास्ट (फोटो स्पष्ट दिसावा म्हणूनचं औषध न देता केलेला) सिटी स्कॅन लिहून देण्याची सवय पडली आहे. गरोदर बाईला आधी सोनोग्राफी. मूत्रपिंड फुगलंय का, एवढं जरी दिसलं तरी बऱ्याचदा पुढचे उपचार ठरतात. सिटी स्कॅन लागलाच तर चिठ्ठीवर "गरोदर, लो-डोस" असं डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

"आजच लागेल का?" जुनी कंबरदुखी, महिनोन्‌महिने चाललेली पोटाची तक्रार अशी तपासणी थांबू शकते. गर्भ आहे की नाही याचीच शंका असेल तर पुढच्या पाळीची वाट पाहा. पोटाचा सिटी स्कॅन, बेरियम देऊन आतड्याचा काढलेला एक्स-रे यांसारख्या मोठ्या मात्रेच्या, पण घाईच्या नसलेल्या तपासण्या पाळी आल्याच्या पहिल्या दिवसापासून दहा दिवसांत उरकाव्यात. त्या काळात गर्भ असण्याची शक्यता नगण्य असते.

"या रिपोर्टने उपचार बदलतील का?" बदलणार नसतील, तर तपासणी कशाला? हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. विचारा. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. आपल्या गावात अजून एक अडचण आहे ती भाषेची. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या बाईपुढे मराठी-इंग्रजी छापील फॉर्म येतो, ती अंगठा देते किंवा सही करते, आणि ‘गरोदर आहात का’ या रकान्यात टेक्निशियन स्वतःच ‘नाही’ लिहून मोकळा होतो. तिची भाषा बोलणारी एक बाई सोबत न्या. पाळीबद्दलचा प्रश्न सासऱ्यांसमोर, दिरासमोर विचारला गेला तर खरं उत्तर येत नाही, हे डॉक्टर आणि टेक्निशियननेही लक्षात घ्यावं. तिला बाजूला घेऊन विचारा.

## ५. एक्स-रे रूमच्या दारात आणि आत

दारावर लाल दिवा लागला असेल तर आत जाऊ नका, दार उघडू नका. आत गेल्यावर पहिलं वाक्य: "मला अमुक इतके दिवस गेलेत" किंवा "पाळी अमुक दिवस लांबली आहे." चिठ्ठीवर लिहिलेलं असलं तरी बोला.

मात्रा सर्वात जास्त वाढते ती फिल्म परत काढावी लागल्याने. एक फिल्म वाया गेली की मात्रा दुप्पट. कारणं अगदी घरगुती असतात: मंगळसूत्र, पदराची सेफ्टी पिन, ब्लाऊजचे हुक, कंबरेची साखळी, परकराला लावलेली पिन, कमरेला खोचलेली किल्ली. हे सगळं आधीच काढा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर कमरेच्या एक्स-रेसाठी ते वर मानेजवळ घेता येतं. छातीसाठी काढावंच लागतं. श्वास रोखायला सांगितला की हलू नका.

टेक्निशियनने करायच्या गोष्टी (वाचणारे टेक्निशियन असतील तर तुमच्यासाठी):

1. प्रकाशाचा चौकोन हव्या तेवढ्याच भागापुरता आवळा. छातीच्या एक्स-रेत तो बेंबीपर्यंत उघडा ठेवू नका.
2. एका बाजूच्या फिल्मवर भागत असेल तर दुसरी काढण्याआधी डॉक्टरांना दाखवा.
3. सिटी स्कॅनमध्ये फेरी एकच. ‘आधी साधा, मग कॉन्ट्रास्ट, मग उशिराचा’ हा साचा गरोदर बाईला लावू नका. स्कॅनची वरची-खालची हद्द कमीत कमी ठेवा.
4. तिच्या वजनाप्रमाणे केव्ही आणि एमए बदला. सडपातळ बाईला जाड माणसाची सेटिंग लावली तर गर्भाला नाहक जास्त मिळतं.
5. स्कॅन संपल्यावर डोसचं पान रिपोर्टसोबत द्या.

शिशाच्या एप्रनबद्दल. छाती, दात, हात यांच्या तपासणीत पोटावर एप्रन मिळाला तर घाला. मिळाला नाही म्हणून तपासणी सोडून घरी येऊ नका. तिथे पोटापर्यंत जे पोचतं ते मुख्यतः शरीराच्या आतून विखुरलेलं असतं आणि बाहेरचा एप्रन ते अडवत नाही. पोटाच्या तपासणीत एप्रन किरणांच्या वाटेत आला तर उलट नुकसान: यंत्र आपोआप मात्रा वाढवतं किंवा फिल्म परत काढावी लागते. २०१९ पासून अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही सरसकट एप्रन बंद करायला सांगितलंय ते याच कारणांनी.

इशारा, सोबतच्या बाईसाठी. रडणाऱ्या मुलाला एक्स-रेसाठी धरायला आई पुढे होते. ती गरोदर असेल किंवा पाळी लांबली असेल तर तिने धरू नये. वडील, मामा, आजोबा कुणीही धरू दे, एप्रन घालून. वॉर्डात फिरतं मशीन शेजारच्या खाटेवर आणलं तर दोन मीटर लांब सरका. अंतर दुप्पट झालं की मात्रा चौथाईवर येते. बाहेरच्या बाकावर बसल्याने काही होत नाही.

आणि नवऱ्याने महिन्यापूर्वी काढलेल्या एक्स-रेचा पोटातल्या बाळाशी काहीही संबंध नाही.

## ६. तपासणी आधीच होऊन गेली आणि दिवस राहिल्याचं नंतर कळलं

हा लेख उघडणाऱ्या बहुतेकजणी इथेच अडकलेल्या असतात. क्रमाने जा.

(क) आज कुठलीही गोळी घेऊ नका. गर्भपाताच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे, तरी त्या मिळतात. त्या घेऊन गर्भ पडला नाही, तर त्यातल्या मिसोप्रोस्टॉलमुळेच बाळाच्या हातापायांना आणि चेहऱ्याच्या नसांना इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. म्हणजे नसलेल्या व्यंगाच्या भीतीने खरं व्यंग ओढवून घेतलं जातं. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांनी तो निघत नाही आणि नळी फुटून बाई दगावू शकते.

(ख) कागद गोळा करा. तपासणी जिथे झाली तिथे जाऊन मागा: रिपोर्ट, फिल्म किंवा सीडी, तपासणीची तारीख, किती फिल्म काढल्या (वाया गेलेल्या धरून), आणि सिटी असेल तर डोसचं पान. त्या पानावर दोन आकडे असतात, सीटीडीआयव्हॉल आणि डीएलपी. ते छापून मिळालं नसेल तरी संगणकात बहुधा साठवलेलं असतं. लवकर जा, सेंटर जुना साठा काढून टाकतात.

(ग) तारीख जुळवा. पहिल्या पायरीतला हिशोब करा. सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून वय पक्कं होतं. ती सात-आठ आठवड्यांना केली तर उत्तम. डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र सोबत न्या. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीचा फॉर्म एफ भरावा लागतो, त्याशिवाय सेंटर हात लावत नाही. लिंग विचारू नका, तो गुन्हा आहे.

(घ) मात्रेचा अंदाज काढा. छाती, डोकं, दात, हातपाय यांचा साधा एक्स-रे असेल तर हिशोब इथेच संपला, काही करायचं नाही. कमरेचा किंवा पोटाचा एक्स-रे असेल तर तिसऱ्या पायरीतला आकडा घ्या, जितक्या वेळा तपासणी झाली तितक्याने गुणा. पोट-ओटीपोटाच्या सिटीत, सुरुवातीच्या आठवड्यांत, गर्भाची मात्रा साधारण सीटीडीआयव्हॉलच्या आसपास असते, सडपातळ बाईत थोडी जास्त. पानावर तीन फेऱ्यांचे १०, १०, १० असे आकडे असतील तर गर्भाला ढोबळमानाने ३० ते ४० मिलिग्रे. हा अंदाज झाला. अचूक आकडा काढायचं काम वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाचं. किरणोपचाराची सोय असलेल्या कॅन्सर रुग्णालयात असे तज्ज्ञ असतात. रेडिओलॉजिस्टकडून त्यांच्या नावे चिठ्ठी घ्या.

(च) आकड्यावरून पुढचं ठरवा.

५० पेक्षा कमी: किरणांसाठी म्हणून काहीही वेगळं करायचं नाही. नोंदणी, फॉलिक ॲसिड, नेहमीच्या तपासण्या आणि १८ ते २० आठवड्यांची व्यंगासाठीची सोनोग्राफी, जी सगळ्यांनाच सांगतात.

५० ते १००: स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट दोघांचा लेखी सल्ला घ्या. १०० च्या खाली केवळ किरणांसाठी गर्भपात योग्य नाही, हे आंतरराष्ट्रीय आयोगाने स्पष्ट म्हटलं आहे.

१०० पेक्षा जास्त: हे एका तपासणीत जवळजवळ होत नाही, अनेक सिटी, लांबलेली अँजिओग्राफी किंवा किरणोपचार यांत होऊ शकतं. इथे गर्भाचं वय निर्णायक ठरतं आणि अचूक मोजणीशिवाय कुणीही मत देऊ नये.

गर्भ ठेवायचा की नाही हा बाईचा निर्णय आहे आणि कायद्याने तिला तो मार्ग खुला ठेवला आहे. पण "सिटी झालाय, बाळ वेडंवाकडं होईल" हे कारण कुणी सांगत असेल, मग ती घरातली मोठी बाई असो की डॉक्टर, तर त्यांना मिलिग्रेचा आकडा विचारा. आकडा नसेल तर ते मत नाही, ती भीती आहे.

(छ) औषधांची यादीही करा. हे हमखास राहून जातं. सगळं लक्ष किरणांवर असतं आणि त्याच आठवड्यात घेतलेल्या गोळ्या कुणी विचारत नाही. मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, फिट्ससाठीचं व्हॅल्प्रोएट, मेथोट्रेक्सेट, वॉरफरिन ही औषधं गर्भाला खरोखर इजा करतात, एखाद्या एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त. पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. फिट्सची किंवा रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनाने बंद करू नका.

लक्षात असू द्या: किरण न मिळालेल्या गरोदरपणातही साधारण १५ टक्के गर्भ आपोआप पडतात आणि १०० पैकी सुमारे ३ बाळांना काही ना काही व्यंग असतं. एक्स-रेनंतर गर्भ पडला, म्हणून तो एक्स-रेनेच पडला असं होत नाही. ज्या सुनेच्या माथी हा दोष मारला जातो तिच्यासाठी हे घरात सर्वांसमोर, मोठ्याने सांगायला हवं.

## ७. ज्यांना वेगळा नियम लागतो अशा तपासण्या

एमआरआय. पहिल्या तीन महिन्यांतही, गरज असेल तर चालतो. गॅडोलिनियमचं (एमआरआयच्या कॉन्ट्रास्टचं) इंजेक्शन मात्र टाळायचं. त्याच्याशिवाय निदान होणारच नसेल तरच.

सिटीचं आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट. गरज असेल तर देता येतं. जन्मानंतर बाळाची थायरॉइड तपासणी करून घ्या.

सोनोग्राफी. किरण नाहीत, पण पहिल्या दहा आठवड्यांत ठोके नुसते ऐकायचे म्हणून डॉपलर लावायला सांगू नका. डॉपलरने ऊतींना जास्त ऊब मिळते. ठोके सोनोग्राफीच्याच एम-मोड या पद्धतीने मोजता येतात.

एचएसजी, म्हणजे मूल राहत नाही म्हणून केलेली नळ्यांची तपासणी. रक्तस्राव थांबल्यावर आणि पाळीच्या दहाव्या दिवसाच्या आत. त्या महिन्याची पाळी नेहमीपेक्षा कमी झाली असेल तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट.

पेट-सिटी आणि हाडांचा स्कॅन. यांत औषध अंगात टोचतात आणि ते काही काळ अंगातच राहतं. एक्स-रे, सिटी स्कॅनचे किरण बटण बंद होताच संपतात. यांचं तसं नाही. पेट-सिटीत गर्भाला १० ते ५० मिलिग्रे मिळू शकतात. लघवीच्या पिशवीत औषध साठतं आणि गर्भाशय तिला टेकलेलं असतं, म्हणून तपासणी टाळता येत नसेल तर नंतर भरपूर पाणी प्यायचं आणि वारंवार लघवीला जायचं.

रेडिओ-आयोडीन (आयोडीन-१३१). गरोदरपणात अजिबात नाही. ते वारेतून बाळाकडे जातं आणि दहा-बारा आठवड्यांपासून बाळाची थायरॉइड ग्रंथी ते शोषून कायमची निकामी होऊ शकते. वाढलेल्या थायरॉइडसाठी किंवा थायरॉइडच्या कॅन्सरसाठी हे औषध ठरलं असेल तर देण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट झालीच पाहिजे, "पाळी नियमित आहे" या तोंडी उत्तरावर भागवू नका. औषध घेतल्यानंतर निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. त्यासाठीचं साधन औषध घेण्याआधीच स्त्रीरोगतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.